लाल डोळा, पांढरा ठिपका

ऊसतोडीच्या हंगामात, भाताच्या मळणीत, ज्वारीची कणसे खुडताना डोळ्याला पात्याचा ओरखडा बसणे ही शेतावरची नेहमीची गोष्ट. डोळा चोळला जातो, पाण्याचा हबका मारला जातो आणि काम चालू राहते. दुसऱ्या दिवशी डोळा लाल होतो, खुपायला लागतो. तिसऱ्या दिवशी घरातले कोणीतरी गावच्या मेडिकलमधून थेंबांची बाटली आणून देते. त्याने एक-दोन दिवस बरेही वाटते. मग दुखणे पुन्हा वाढते, उजेड सोसवत नाही, आणि आठ-दहा दिवसांनी बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागला की घरचे लोक घाबरून रुग्णाला मोटारसायकलवर मागे बसवतात आणि जिल्ह्याच्या गावी नेतात. नेत्रतज्ज्ञाच्या हातात तेव्हा फार थोडे उरलेले असते.

डोळ्याच्या संसर्गाविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण सर्वांत आधी हे सांगायला हवे: दृष्टी राहणार की जाणार याचा निकाल बहुतेक वेळा रुग्णालयाच्या बाहेर लागतो. तो शेतात, घरात आणि औषधाच्या दुकानात, पहिल्या चार-पाच दिवसांत लागतो. म्हणून हे प्रकरण डॉक्टरांच्या उपचारांपेक्षा त्या आधीच्या दिवसांविषयी जास्त बोलणार आहे.

खरे तर धूळ, धूर, घाम, बोटे असे सगळे दिवसभर झेलणाऱ्या या अवयवाला वारंवार संसर्ग व्हायला हवा होता. तसा तो होत नाही, याचे श्रेय अश्रूंना. पापणी मिटते तेव्हा अश्रूंचा पातळ थर डोळ्यावरून फिरतो आणि कचरा नाकाकडे वाहून नेतो. त्यात जंतूंच्या भिंती फोडणारे लायसोझाइम नावाचे द्रव्यही असते. ते शोधले अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी, पेनिसिलिनच्या कितीतरी आधी. 1922 मध्ये त्यांनी ते जाहीर केले. प्रयोगाला अश्रू हवेत म्हणून ते सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाच्या सालीचा रस उडवत. दुसरा बचाव बुबुळाचा. बुबुळ म्हणून आपल्याला जे काळे वर्तुळ दिसते त्याच्या पुढे एक पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि त्यातलाही बाहेरचा पेशींचा थर त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा. हा थर अखंड आहे तोवर बहुतेक जंतूंना आत शिरता येत नाही. उसाचे पाते तोच थर खरवडते.

एकदा आत शिरलेल्या जंतूला मग मोकळे रान मिळते. कॉर्निया पारदर्शक राहावा म्हणून त्यात रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे रक्तातल्या लढाऊ पेशी तिथे उशिरा पोहोचतात. जखम भरली तरी व्रण राहतो. हातावरचा व्रण आपण विसरून जातो. बाहुलीच्या बरोबर समोर आलेला दोन मिलिमीटरचा व्रण मात्र आयुष्यभराची दृष्टी घेऊन जातो. यालाच आपल्याकडे डोळ्यात फूल पडणे म्हणतात. 2015 ते 2019 या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व पाहणीत पन्नाशीच्या आतल्या लोकांच्या अंधत्वाचे पहिले कारण कॉर्नियावरचे असे डाग हेच निघाले. मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत येते. फुलाने गेलेली नजर परत आणणे फार अवघड असते.

सुदैवाने लाल झालेला प्रत्येक डोळा या वाटेने जात नाही. बहुतेक वेळा ते साधे डोळे येणेच असते. जुलै 2023 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या आळंदीत शाळकरी मुलांचे डोळे येऊ लागले आणि काही आठवड्यांत साथ राज्यभर पसरली. रुग्णांची नोंद लाखांच्या पुढे गेली. अशा साथी नव्या नाहीत. 1969 मध्ये आफ्रिकेतल्या घाना देशात डोळे लालभडक करणाऱ्या, पांढऱ्या भागात रक्त उतरवणाऱ्या एका साथीची पहिली नोंद झाली. अपोलो 11 त्याच वर्षी चंद्रावर उतरले म्हणून लोकांनी तिला त्या यानाचे नाव दिले. 1971 मध्ये ती भारतात आली. बांगलादेश मुक्तिसंग्रामाचे ते वर्ष, त्यामुळे बंगालात तिला ‘जय बांगला’ म्हणू लागले. एंटेरो आणि ॲडेनो या दोन कुळांतले विषाणू अशा साथींच्या मुळाशी असतात.

डोळे येतात तेव्हा संसर्ग डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या आणि पापण्यांच्या आतल्या पातळ आवरणाला झालेला असतो. डोळा लाल होतो, पाणी वाहते, वाळू गेल्यासारखे खुपते, पापण्या सुजतात. आधी एक डोळा, मग दोन-तीन दिवसांत दुसरा. कानासमोर लहानशी गाठही हाताला लागू शकते. विषाणू असेल तर स्राव पाण्यासारखा. जिवाणू असेल तर पिवळसर, घट्ट, सकाळी पापण्या चिकटवून टाकणारी चिपडे. दोन्ही डोळ्यांना फार खाज सुटत असेल आणि दरवर्षी ठरावीक ऋतूत हेच होत असेल, तर तो संसर्ग नसून बहुधा ॲलर्जी असते.

विषाणूमुळे आलेले डोळे एक ते दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. प्रतिजैविकांचे थेंब विषाणूवर चालत नाहीत. थंड पाण्याच्या घड्या, उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पापण्या पुसणे, गरज पडल्यास कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि विश्रांती एवढे पुरते. घट्ट पू येत असेल तर डॉक्टर प्रतिजैविक देतात आणि ते सांगितलेले सगळे दिवस घालायचे असते. डोळे आलेल्या माणसाकडे नुसते बघून डोळे येत नाहीत. काळा चष्मा उजेडाचा त्रास कमी करतो, दुसऱ्याचे संरक्षण करत नाही. रोग पसरतो तो हातांनी, रुमालाने, टॉवेलने, उशीच्या अभ्र्याने, एकाच काजळाच्या डबीने. ॲडेनो विषाणू कोरड्या पृष्ठभागावर आठवडे टिकू शकतो आणि हाताला चोळायच्या अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरला तो सहज दाद देत नाही. साबण आणि वाहते पाणी हेच इथे चांगले. घरात एकाचे डोळे आले की त्याचा टॉवेल आणि उशी वेगळी करावी आणि त्याच्या डोळ्यांत थेंब घालणाऱ्याने आधी आणि नंतर हात धुवावेत. डोळ्यांतून पाणी वाहत असेपर्यंत मुलाला शाळेत पाठवू नये. ‘परीक्षा आहे’ म्हणून पाठवलेले एक मूल अख्खा वर्ग आजारी पाडते.

आता ज्याच्यावर सगळे अवलंबून आहे तो फरक. डोळे आले असताना डोळा खुपतो, पण आतून ठणकत नाही. पाणी-चिपडे पुसून पाहिले की नजर पहिल्यासारखी असते. उजेडाचा त्रास झालाच तर थोडा. याउलट डोळा खोलवर दुखत असेल, नजर अंधुक झाली असेल, उजेडात डोळा उघडवत नसेल, बुबुळावर पांढुरका ठिपका दिसत असेल, किंवा दुखणे आधी काही लागल्यानंतर सुरू झाले असेल, तर त्याला डोळे येणे समजू नका. यातली एकच खूण असली तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचे. डोकेदुखी, उलट्या, दिव्याभोवती रंगीत वलये आणि जोडीला लाल डोळा असेल तर तो काचबिंदूचा तीव्र झटकाही असू शकतो. तिथे तर तासांचा हिशेब असतो. घरी तपासण्याची सोपी रीत म्हणजे एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचून पाहणे. आजारी डोळ्याला ते दुसऱ्यापेक्षा अंधुक दिसले तर घरी थांबू नये.

बुबुळाला झालेल्या या संसर्गजन्य जखमेला डॉक्टर कॉर्नियल अल्सर म्हणतात. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात आलेल्या अशा 434 रुग्णांचा अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या जवळजवळ दोन तृतीयांश जणांच्या डोळ्याला आधी काहीतरी लागलेले होते. ज्यांच्या जखमेत जंतू वाढलेले सापडले, त्यांत जिवाणू आणि बुरशी यांचा वाटा जवळजवळ सारखाच निघाला, प्रत्येकी सुमारे 47 टक्के. थंड हवेच्या श्रीमंत देशांत बुरशीचे प्रमाण पुष्कळ कमी असते. आपल्या उष्ण, दमट हवेत आणि शेतीच्या कामात फ्युझेरियम आणि ॲस्परजिलस या बुरश्या पाल्यावर, तुसांवर, मातीत सगळीकडे असतात. पाते डोळ्याला लागते तेव्हा ओरखडाही तेच काढते आणि त्यात बुरशीही तेच पेरते.

जिवाणूचे औषध बुरशीवर चालत नाही आणि बुरशीचे औषध जिवाणूवर. नुसत्या डोळ्यांनी बघून यातले काय आहे हे अनुभवी तज्ज्ञालाही खात्रीने सांगता येत नाही. म्हणून चांगल्या रुग्णालयात डोळा बधिर करून जखमेची कड हलकेच खरवडतात, तो अंश काचपट्टीवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की बुरशीचे धागे उठून दिसतात. या तपासणीला खर्च फारसा येत नाही आणि पहिले उत्तर थोड्या वेळात मिळते. ‘डोळा खरवडायचा आहे’ ऐकून नातेवाईक घाबरतात आणि रुग्णाला उठवून घरी नेतात, असे होते. तसे करू नये. या खरवडण्याने डोळा जात नाही, आणि नेमके औषध कोणते हे त्यावरूनच ठरते.

बुरशीवरचे मुख्य औषध आहे नॅटामायसिन, पाच टक्क्यांचे पांढरट द्रावण. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, जिचे रुग्ण दक्षिण भारतातलेच होते, 323 जणांवर हे जुने औषध आणि व्होरिकोनॅझोल हे नवे औषध यांची तुलना झाली. जुने औषध सरस ठरले, विशेषतः फ्युझेरियमवर. पण त्याच्या दोन अटी आहेत. औषध तळाशी बसते, म्हणून दर वेळी बाटली हलवावी लागते. आणि सुरुवातीला ते जागेपणी तासातासाला घालावे लागते, पुढे कितीतरी आठवडे चालू ठेवावे लागते. ऊसतोडीच्या टोळीतल्या बाईला तासातासाला थेंब कोण घालणार? मुकादमाची उचल फेडायची असते, कोपीत आरसाही नसतो. म्हणून अशा रुग्णाला काही दिवस दाखल करून घेणे हाच खरा उपचार आहे, आणि सरकारी रुग्णालयांनी त्यासाठी खाट नाकारू नये असे मला मनापासून वाटते. शिवाय हे औषध कॉर्नियात खोल जात नाही. जखम वरवरची आहे तोवर ते उत्तम चालते. बुरशी खाली उतरली की त्याची ताकद अपुरी पडते. उशिराची किंमत इथे मोजावी लागते. कॉर्नियाला भोक पडले तर दात्याचा कॉर्निया बसवण्याची शस्त्रक्रिया करावी लागते, आणि संसर्ग धुमसत असलेल्या डोळ्यात तो टिकण्याची शाश्वती कमी.

मग पहिल्या दिवसांत मेडिकलमधल्या ज्या बाटलीने बरे वाटले, तिच्यात काय होते? पुष्कळदा स्टेरॉइड. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन यांच्यापैकी काहीतरी, बहुधा प्रतिजैविकाच्या जोडीने एकाच बाटलीत. स्टेरॉइड दाह कमी करते. लाली उतरते, ठणका थांबतो, रुग्ण खूश होतो. पण तो दाह म्हणजे शरीराची लढाई होती. ती थांबली की बुरशी निर्धास्त वाढते. नागिणीच्या जातकुळीतला हर्पीस विषाणूही कॉर्नियावर फांद्यांसारखी जखम करतो आणि स्टेरॉइडने ती पसरते. महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने हे थेंब घातले तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदू लवकर येतो. स्टेरॉइड वाईटच असते असे नाही. डोळ्याच्या कितीतरी आजारांत तेच दृष्टी वाचवते. पण खुद्द जिवाणूंच्या अल्सरमध्ये, तपासणी करून, प्रतिजैविक आधी सुरू करून मग स्टेरॉइड जोडले तर काय होते हे 500 रुग्णांवर पाहिले गेले, तेव्हाही 2012 च्या निष्कर्षांत एकूण रुग्णांत फायदा दिसला नाही. मग न तपासता, काउंटरवरून दिलेल्या बाटलीने काय होणार?

घरगुती उपायांबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. आईचे दूध, मध, कांद्याचा रस, तूप, एरंडेल, पाल्याचा रस यांतले काहीही निर्जंतुक नसते. ओरखडा पडलेल्या डोळ्यात ते घालणे म्हणजे जंतूंना हाताने आत सोडणे. डोळ्यातले कुसळ पदराच्या टोकाने, काडीने किंवा जिभेने काढण्याची रीत अजून आहे. ती मायेपोटी होते, पण तोंडातले जंतू थेट जखमेत जातात.

डोळ्यात काही गेले तर चोळू नका. स्वच्छ वाहत्या पाण्याने डोळा उघडझाप करत धुवा. गेलेले निघाले नाही, किंवा निघूनही काही तासांनी खुपत राहिले, तर बुबुळाला ओरखडा आहे असे धरून चाला आणि डॉक्टरांना दाखवा. डॉक्टर फ्लुओरेसीन या रंगद्रव्याची पट्टी लावून निळ्या उजेडात बघतात. जिथे वरचा थर गेला आहे ती जागा हिरवी चमकते. मिनिटाभराचे काम असते. नेपाळमधल्या भक्तपूरमध्ये सुमारे 35,000 लोकवस्तीवर दोन वर्षे गावातल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नुकताच ओरखडा पडलेल्या डोळ्यांत क्लोरॅमफेनिकॉलचे मलम दिवसातून तीन वेळा, तीन दिवस घातले. 442 ओरखड्यांपैकी 96 टक्के संसर्गाविना बरे झाले; लागल्यापासून 18 तासांच्या आत ज्यांना मलम मिळाले त्यांच्यापैकी एकालाही अल्सर झाला नाही. पुढे नेपाळमध्येच मोठ्या प्रमाणावर घेतलेल्या चाचणीत मात्र गावातले अल्सरचे प्रमाण अशा योजनेने घटलेले दिसले नाही. म्हणजे मलम सर्वांपर्यंत वेळेवर पोहोचवणे सोपे नाही. तरी एका माणसापुरता धडा बदलत नाही: पहिला दिवस सर्वांत मोलाचा.

त्याहून मोलाचे म्हणजे लागूच न देणे. मळणीयंत्रापाशी, ऊस तोडताना, गवत कापताना बाजूंनी बंद असलेला साधा प्लॅस्टिकचा चष्मा पुरतो. तो घामाने धुरकटतो, म्हणून लोक काढून ठेवतात. हवा खेळायला छिद्रे असलेला घ्यावा. ग्राइंडर आणि वेल्डिंगवरच्या कामगारांनी तर त्याशिवाय यंत्र चालू करू नये. डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण शेजारच्या कामगाराकडून सुईने काढून घेणे आणि दुखू नये म्हणून बधिर करणारे थेंब वारंवार घालणे, या दोन्ही सवयी कॉर्निया गमावायला पुरेशा आहेत. विषय संसर्गाबाहेरचा आहे, पण सांगतो: डोळ्यात चुना उडाला तर अर्धा तास पाण्याने धूत राहा आणि तसेच रुग्णालय गाठा. चुन्याची पुडी लहान मुलाच्या हाती लागू देऊ नका.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना शेतात जावे लागत नाही, धोका घरातल्या नळात असतो. साध्या पाण्यात राहणारा अकँथामीबा हा एकपेशीय जीव लेन्सखाली अडकला तर महिनोन्‌महिने छळणारा, भयंकर दुखणारा अल्सर होतो. लेन्स नळाच्या पाण्याने धुऊ नये, ती घालून आंघोळ करू नये, पोहू नये, झोपू नये. डोळा लाल झाला की लेन्स आधी काढायची, आणि डॉक्टरकडे जाताना लेन्सची डबीही सोबत न्यायची.

नवजात बाळाच्या डोळ्यांतून पहिल्या महिन्यात पू आला तर घरी काहीही न घालता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. प्रसूतीच्या वेळी आईकडून आलेले परम्याचे जंतू एक-दोन दिवसांत बाळाचा कॉर्निया पोखरू शकतात. जर्मनीतल्या लाइपझिगच्या कार्ल क्रेडे यांनी 1880 च्या सुमारास जन्मतःच बाळाच्या डोळ्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब घालायला सुरुवात केली आणि युरोपातल्या अंधशाळांतली गर्दी ओसरली. बाळाच्या डोळ्यात काजळ घालू नये, कितीही शुद्ध घरचे असले तरी. फक्त पाणी येत असेल, डोळा लाल नसेल, तर बहुधा अश्रूंची नळी उघडलेली नसते. डॉक्टर नाकाच्या मुळाशी करायचे मालीश शिकवतात आणि बहुतेक बाळांत वर्षाच्या आत ती मोकळी होते. पापणीवरची रांजणवाडी, मग ती लहानाची असो की मोठ्याची, पिळू नये. दिवसातून तीन-चार वेळा गरम शेक दिला की ती बहुधा आपोआप बसते.

संसर्गामुळे येणारे अंधत्व हटवता येते याचा पुरावा खुपऱ्यांनी दिला आहे. पापणीच्या आत खरखरीत दाणे उठवणारा, पापणीचे केस आत वळवून कॉर्निया घासवणारा हा रोग एकेकाळी देशाच्या कितीतरी भागांत घरोघर होता. स्वच्छ पाणी, तोंड धुण्याची सवय, संडास, प्रतिजैविक आणि पापण्यांची शस्त्रक्रिया या सगळ्यांच्या जोरावर तो मागे हटला, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून त्याचे उच्चाटन झाल्याचे मान्य केले.

बुबुळाच्या अल्सरबाबत तशी मोहीम अजून नाही. ती येईल तेव्हा येईल. एक काम तुम्ही आज करू शकता. घरातला औषधांचा डबा उघडा. डोळ्यांचे थेंब असतील तर बाटलीवरची नावे वाचा. वर दिलेल्या स्टेरॉइडांपैकी एखादे नाव दिसले आणि ते सध्या कोणासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेले नसेल, तर बाटली टाकून द्या. उघडून महिना झालेली कोणतीही बाटली टाकून द्या, भरलेली असली तरी. आणि पुढच्या वेळी मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय डोळ्यांचे थेंब पुढे केले, तर पैसे देण्याआधी विचारा, ‘यात स्टेरॉइड आहे का?’